‘कशाबद्दल’ नावाचा रकाना

आमच्या गावात फोन खाजगी असा कधी नव्हताच. पोस्टाच्या मागच्या खोलीत हातानं तारा जोडायचं एक्स्चेंज होतं. तिथले ऑपरेटर काका कानाला लावलेलं यंत्र फक्त जेवायला बसताना काढायचे. माझ्या थोरल्या बहिणीच्या स्थळाचं काय झालं ते विचारायला अप्पांनी एकदा लातूरला ट्रंककॉल लावला होता. पलीकडच्यांनी नकार दिला. अप्पा परत येताना वाटेत दोन ओळखीच्यांशी बोलत थांबले आणि घरी पोचले तेव्हा आईचं रडून झालेलं होतं, कारण काकांचं घर आमच्या भिंतीला भिंत लागून होतं. याचा कुणाला राग नव्हता. बोलताना एखाद्या पाहुण्याचं गाव आठवलं नाही तर काका मधेच तारेतून सांगायचे, आणि माणसं त्यांचे आभार मानून पुढं बोलायची.

नव्वदीच्या मध्याला डिजिटल एक्स्चेंज आलं. आता नंबर फिरवला की थेट लागायचा, मधे कुणी नाही. काकांना त्या नव्या यंत्राच्या खोलीत वीज आहे की गेली एवढंच बघायचं काम उरलं. ते वर्षभरात वाळले.

अप्पांचं किराणा दुकान होतं. आम्ही लिंगायत, चार पिढ्या त्याच गावात तराजू धरलेला. मी अंबाजोगाईहून बी.ए. होऊन घरी बसले होते, लग्न जमत नव्हतं. अप्पांनी दुकानाच्या एका अंगाला काचेची केबिन करून एसटीडी बूथ घेतला आणि मला तिथं बसवलं. काउंटरवर बाईमाणूस असलं की बायका फोन करायला येतील, हा त्यांचा हिशेब बरोबर निघाला. केबिनला दार होतं, पण ते कुणी लावत नसे. दार लावलं तर आवाज पुण्यापर्यंत कसा जाईल, असं एका आजोबांनी मला विचारलं होतं.

बूथ चालू होऊन सहा महिने झाले असतील. चौकीचे जमादार सायक्लोस्टाईल केलेला एक कागद घेऊन आले. जिल्ह्यातल्या सगळ्या बूथवाल्यांनी, कोण फोन करतो आणि कुठं करतो, याचं रजिस्टर ठेवायचं, असा हुकूम होता. कशासाठी ते कागदावर नव्हतं. अप्पांनी कागद दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला नाही एवढंच. सरकारी कागदावर त्यांचा फार जीव. वीज मंडळाची नोटीससुद्धा ते फाइलला लावून ठेवायचे.

त्याच दुपारी मी जाड पुठ्ठ्याचं रजिस्टर आणून पट्टीनं रकाने आखले. नाव, गाव, कुठं फोन, नंबर, कोणाशी बोलणं. जमादार खुर्चीत बसून बघत होते. मग म्हणाले, “आजून एक वढा. कशाबद्दल.”

“कागदावर तसं नाहीये,” मी म्हणाले.

“कागदावर नसंल. पर कशाबद्दल ते लिवलेलं असलं म्हंजे चौकशीला बरं पडतंय.”

अप्पांनी मानेनं हो म्हटलं आणि मी सहावा रकाना आखला. सगळ्यात रुंद.

पहिल्या आठवड्यात लोक गोंधळले. मास्तर मंडळी आणि बँकेतले लोक ‘खाजगी’ असं लिहून मोकळे झाले. शनिवारी जमादार तपासणीला आले आणि त्यांनी प्रत्येक ‘खाजगी’खाली लाल पेन्सिलीनं रेघ ओढली. आमच्या गावात तोवर हा शब्द दवाखान्याला आणि गाडीला लागायचा. पेपरात तर तेव्हा रोज खाजगीकरणाच्या बातम्या असायच्या. कारखाने खाजगी होणार, विमानं खाजगी होणार. माणसाचं बोलणं तेवढं सरकारी राहणार होतं. जमादारांनी अप्पांना समजावून सांगितलं की ज्याच्या मनात काही नाही तो खाजगी कशाला लिहील. अप्पांना ते पटलं. त्यांनी दुकानात पाटी लावली, ‘खाजगी लिहू नये.’

मग लोकांनी एक सोपा शब्द शोधून काढला, ‘तब्येत’. सोयरीक असो, बदलीचा वशिला असो की भावाभावांचं भांडण असो, कशाबद्दल, तर तब्येत. दोन महिन्यांत रजिस्टर उघडलं की सगळं गाव अंथरुणाला खिळलेलं दिसायचं. जमादार हुशार होते. त्यांनी हे ताडलं आणि वर कळवलं. एका मंगळवारी आरोग्य खात्याची जीप आली. त्यांनी विहिरीत पावडर टाकली, घरोघर गोळ्या वाटल्या, आणि साथ कशाची आहे असं विचारत फिरले. गावानंही गोळ्या घेतल्या. आम्ही तब्येत लिहितो ती खोटी, असं सांगायची कुणाची छाती नव्हती. माझ्या आईनं रोज दोन, अशा सहा गोळ्या पाण्याबरोबर गिळल्या.

पुढं जे झालं त्याला मी कारण आहे, म्हणून माझ्याबद्दल सांगायला हवं. मला ते रजिस्टर आवडू लागलं होतं. माझं अक्षर चांगलं. लोक घाईत कसंही खरडायचे, म्हणून मीच विचारून लिहायला लागले. नंबर मी मीटरवर बघून घालायचे, त्यामुळं त्यात चूक नसायची. कोण कुणाशी किती वेळ बोलतो, कुणाचा फोन बंद झाला, कुणाचा नव्यानं सुरू झाला, सगळं मला तोंडपाठ होतं. ऑपरेटर काका नुसते ऐकायचे. माझ्याकडं तर लेखी होतं.

आणि वाचणारी मी एकटी नव्हते. केबिन रिकामी होईपर्यंत थांबलेला माणूस काउंटरवरचं रजिस्टर चाळायचा. दुकानातला पेपर तसाच घडी न मोडता पडून राहू लागला. सरकार शनिवारी अर्धा तास येऊन जायचं, पण गाव रोज वाचत होतं. यावर कुणी कधी तक्रार केली नाही, कारण प्रत्येकाला वाटायचं, आपलं एक पान गेलं तर काय, बाकीची दोनशे तर आपल्याला वाचायला मिळतात.

बाई दर सोमवारी मधल्या सुट्टीत यायच्या. गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायच्या आणि गावातल्या मोठ्या बागायतदाराच्या घरात दिलेल्या होत्या. माजलगावच्या धरणाचं पाणी आल्यापासून त्या घराचा ऊस कारखान्याला जायचा. घरात शब्द चालायचा दिराचा. ते पंचायत समितीवर होते आणि पुढं कारखान्याच्या संचालकपदावर त्यांचा डोळा होता. सगळं गाव त्यांना पुढारीच म्हणायचं. बाईंचे यजमान शेती बघायचे. ते इतकं कमी बोलायचे की माझ्या रजिस्टरात त्यांचं नाव एकदाही नव्हतं.

बाई अंबाजोगाईला फोन लावायच्या. एका सोमवारी पेन हातात घेऊन त्यांनी मला विचारलं, “नंबर लिहायलाच पाहिजे का गं?”

“नियम आहे, बाई,” मी म्हणाले. हे म्हणताना मला बरं वाटलं होतं, तेही आठवतंय.

त्यांनी कोणाशी या रकान्यात ‘बहीण’ लिहिलं आणि कशाबद्दलमध्ये ‘तब्येत’. नंबर मी घातला.

पुढाऱ्यांचं आणि जमादारांचं चांगलं होतं. त्या उन्हाळ्यात जमादार रजिस्टर तपासणीला म्हणून चार दिवस घेऊन गेले. परत आलं तेव्हा त्याच्या पानांवर चहाचे डाग होते. दुसऱ्या दिवशी पुढारी स्वतः बूथवर आले, खिशातून चिठ्ठी काढली आणि तो नंबर मला लावायला सांगितला. मी लावला. पलीकडं बाईंची बहीण नव्हती. तिथं मुलींचं वसतिगृह होतं, आणि तिथल्या रेक्टर बाईंनी मोठ्या आपुलकीनं, बाहेर मलाही ऐकू येईल एवढ्या चढ्या आवाजात सांगितलं की तुमच्या पुतणीची जागा धरून ठेवली आहे, दहावीचा निकाल लागला की गुणपत्रिका घेऊन या.

पुतणी म्हणजे बाईंची मुलगी, दहावीला होती. घरात तिचं लग्न उरकायचं ठरलेलं होतं, हे मला तेव्हा कळलं. फोन ठेवून पुढारी माझ्याकडं वळले आणि अगदी सौम्यपणे म्हणाले, “अक्षर लई चांगलं हाय तुजं.”

त्या सोमवारी बाई आल्या नाहीत. पुढच्याही नाही. त्यांना शाळा आणि घर यापलीकडं जायला बंदी झाली, असं भाजीवालीनं आईला सांगितलं. मला जेवण जाईना. आई म्हणाली, गोळ्या उरल्यात त्यातल्या घे.

शेवटी मी शाळेत गेले. चौथीचा वर्ग चालू होता. बाई व्हरांड्यात आल्या. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्याच म्हणाल्या की चूक त्यांची. बहीण लिहिली तिथंच फसलं, कारण त्यांना बहीण नाही, आणि हे दिराला माहीत आहे. पोरीचा निकाल लागला होता. केंद्रात पहिली आली होती. एवढं सांगून त्या वर्गात गेल्या, कारण आत गलका वाढला होता.

घरी येताना मी विचार करत होते तो एका गोष्टीचा. बाईंनी घरात तोंडानं काय सांगितलं असतं ते कुणी खरं धरलं नसतं. पण माझ्या रजिस्टरात लिहिलेलं मात्र पुढाऱ्यांनी ताबडतोब खरं धरलं होतं. रकान्यात आहे म्हणजे आहेच.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडल्या उघडल्या मी माझ्या मामांना अंबाजोगाईला फोन लावला. मामांचं तिथं भांड्यांचं दुकान. सरळमार्गी माणूस, उभ्या जन्मात कुणाला फसवलेलं नाही. त्यांना मी सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “मी फकस्त हो हो म्हणंन. जास्तीचं खोटं मला जमणार न्हाई.”

मग मी रजिस्टरात नोंद केली. बाईंचं नाव, मामांच्या दुकानाचा नंबर, कोणाशी तर मध्यस्थ, कशाबद्दल तर ‘मुलीसाठी चांगले स्थळ’. माझ्या हातची ती पहिली खोटी नोंद. अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं.

पुढारी आठवड्याच्या आत आले. बाईंनी चोरून फोन केला याचा त्यांना राग नव्हता. कशाबद्दल ते वाचून ते सुखावले होते. मी मामांचा नंबर लावून दिला आणि काउंटरवर येऊन बसले. दार उघडंच होतं, त्यामुळं इकडचं बोलणं ऐकू येत होतं. आधी मुलगा काय करतो, मग शेती किती, मग घरी कोण कोण. एवढं सगळं नुसतं ‘हो हो’वर कसं निभतंय ते मला कळेना. पुढाऱ्यांचा चेहरा खुलत चालला होता. एकदा त्यांनी “अरे वा” म्हटलं. मग थांबून विचारलं, “आट कंची?”

ते बाहेर आले आणि काहीशा अडचणीत पडल्यासारखे माझ्याकडंच बघत म्हणाले, “मुलगा कॉलेजात शिकवतोय म्हणं. त्यांची एकच आट हाय. पोरगी अकरावी सायन्सला गेलेली पायजे.”

मामांनी नंतर मला सांगितलं की एकदा सुरू केल्यावर त्यांना थांबता येईना. मुलाला त्यांनी दोन बहिणी दिल्या, गावाकडं मोसंबीची बाग दिली, आणि आई लहानपणीच वारलेली दाखवली, कारण सासू नसलेलं घर पोरीला बरं. त्या मुलाबद्दल मामांना पुढं माया वाटू लागली. “चांगलं पोरगं हाय गं,” असं ते मला फोनवर म्हणाले, तेव्हा मला काळजी वाटली.

अट मानली गेली. पुढारी स्वतः जीप काढून बाईंना आणि पुतणीला अंबाजोगाईला घेऊन गेले. रेक्टर बाईंना नमस्कार केला, जागा धरून ठेवल्याबद्दल आभार मानले. फॉर्मवर वडलांची सही लागणार होती. सही आधीच केलेला फॉर्म बाईंच्या पिशवीत होता.

पुढच्या चार महिन्यांत पुढाऱ्यांनी कारखान्याच्या प्रचारात ही गोष्ट गावोगाव सांगितली. आमच्या घरची पोर सायन्सला आहे, मुलींना शिकवलं पाहिजे, जग बदललंय. मी एका सभेत मागं उभी राहून ऐकलं. ते चांगलं बोलायचे आणि बोलता बोलता त्यांना ते पटतही होतं.

दिवाळीनंतर त्यांनी मामांच्या दुकानात जाऊन मुलगा दाखवा म्हटलं. मामा सगळं खरं सांगून हात जोडून उभे राहिले. त्यांच्यापुढं दुसरा मार्ग असता तरी तो त्यांना दिसला नसता.

त्या दिवशी पुढाऱ्यांच्या घरात काय झालं ते बाईंनी मला नंतर सांगितलं. पुढारी अंगणात उभे राहून बोलत होते. पोरीला परत आणतो, शाळेतली नोकरी सोडायला लावतो, त्या वाण्याच्या पोरीचा बूथ बंद करतो. बाईंचे यजमान गोठ्याच्या कडेला बसून दावं वळत होते. त्यांनी दावं खाली ठेवलं.

“पोरगी तिथंच राहील,” ते म्हणाले. “फारमवर सही माजी हाय. आन् त्या रेक्टर बाईला पयला फोन बी मीच केलता.”

बाईंनाही हे माहीत नव्हतं. त्यांना फक्त एवढंच ठाऊक होतं की सही मागितल्यावर नवऱ्यानं का असं न विचारता ती केली होती. तो पहिला फोन यजमानांनी माजलगावच्या एका बूथवरून केला होता, बाजारला बैल बघायला गेले तेव्हा. आपल्या गावातून का नाही केला, असं बाईंनी विचारलं तर म्हणाले, तिथं ती पोरगी लई नीट लिवती.

पुढाऱ्यांनी पुतणीला परत आणलं नाही. इतक्या सभांमध्ये सायन्स सांगून झाल्यावर ते अवघड होतं. माझ्यावर तक्रारही करता येईना. रजिस्टर खोटं आहे म्हणावं तर ते तुम्हाला कसं माहीत, असा प्रश्न आला असता, कारण ते रजिस्टर गोपनीय होतं. जमादारांनीच त्यांना हे समजावून सांगितलं म्हणे. पुढाऱ्यांनी आमच्या दुकानाचा किराणा तेवढा बंद केला, आणि कारखान्याची निवडणूक ते जिंकले.

मी मात्र पुन्हा खरं लिहिलं नाही. दुसरं रजिस्टर सुरू केलं ते पहिल्या पानापासून खोटं. आधी भीत भीत, मग रंगात येऊन. मी गावातल्या माणसांना नवे पाहुणे दिले, कुणाला नाशिकला आत्या, कुणाला सोलापूरला मेव्हणा. नंबर नीट सहा-सात आकडी, कशाबद्दल तर गुळाचा भाव, नांगराचा फाळ, बारशाचं निमंत्रण. फोन करणाऱ्यांना मी आता काही विचारत नव्हते. ते बोलून निघून जायचे. काउंटरवर वाचत थांबणारे मात्र वाढले, आणि आपल्याच मेव्हण्याचा नंबर बघून बुचकळ्यात पडलेला एक माणूस मला आठवतो. त्यानं थोडा विचार केला आणि सरकारी रजिस्टर आहे म्हटल्यावर तो नंबर उतरवून घेतला.

वर्षअखेरीला तालुक्याहून साहेब तपासणीला आले. बाकीच्या बूथवाल्यांची रजिस्टरं अर्धवट होती, कुणाच्या पानांवर पोरांनी चित्रं काढली होती. माझं रजिस्टर साहेबांनी शेवटपर्यंत चाळलं. एकही रकाना रिकामा नव्हता, एकही ‘खाजगी’ नव्हतं, गावात सगळ्यांची तब्येत उत्तम होती. असं रजिस्टर सगळ्यांनी ठेवलं पाहिजे, असा शेरा त्यांनी लिहिला आणि ते सोबत नेलं, इतरांना दाखवायला. ते परत आलं नाही. कुठल्याशा कपाटात आमच्या गावाचा तो सगळा गोतावळा अजून असेल.

अप्पा त्या शेऱ्यानं फार हरखले. ज्याला त्याला सांगायचे. मला ते बघवेना, पण खरं सांगायचं धाडस झालं नाही. ते काम मामांनी केलं. मामांना पोटात काही राहत नाही. एका लग्नात दोघं शेजारी जेवायला बसले आणि मामांनी मोसंबीच्या बागेपासून सगळं सांगून टाकलं.

 त्या लग्नानंतर तिसऱ्या दिवशी पहाटे मी न्हाणीघरापाशी बंब पेटवत होते, तेव्हा ते येऊन पायरीवर बसले.

“जे सायबानं नेलं, ते समदं खोटं?”

“हो, अप्पा.”

“आन् पयलं? जमादार शिक्का मारून गेले, पाच वर्सं जपा म्हणले ते?”

“ते खरं आहे. एक नोंद सोडली तर सगळं.”

ते उठून दुकानात गेले. मला वाटलं, रागानं गेले. पण ते पहिलं रजिस्टर घेऊन परत आले. दोन्ही हातांनीच धरलं होतं, सरकारी कागद धरायचे तसं. पुठ्ठा फाडायला जड होता, म्हणून आधी त्यांनी पानं सुटी केली. मग ती माझ्याकडं देत म्हणाले, “हे जाळ माय. खरं हाय ते जाळून टाक.”

मी एकेक पान बंबात घालत गेले. त्यात बाईंचे सोमवार होते, आईनं माहेरी केलेले फोन होते, माझ्यासाठी आलेल्या दोन नकारांचेही होते, माझ्याच अक्षरात. कागद जाड होता, पाणी लवकर तापलं. अप्पांनी अंघोळ केली, गळ्यातलं लिंग हातात घेऊन पूजेला बसले, आणि मी दुकान उघडायला गेले.